मुलांच्या दप्तराचं ओझं कमी करताना क्रम चुकवू नका: नागपूरच्या पालकांसाठी टप्प्याटप्प्याने

मूल पाठ दुखते म्हणालं की बहुतेक घरांत पहिली धाव सीताबर्डीच्या बाजारात जाते. जाड पट्ट्यांचं, पाठीला गादी असलेलं, ‘ऑर्थो’ लिहिलेलं नवं दप्तर येतं. जुन्या दप्तरातलं सगळं जसंच्या तसं त्यात भरलं जातं आणि महिन्याभरात तीच तक्रार पुन्हा सुरू होते. मी फिजिओथेरपिस्ट आहे. माझ्याकडे येणाऱ्या पालकांची चूक मायेत नसते, क्रमात असते. आधी वजन, मग सामान, मग दप्तर, मग पट्टे आणि शेवटी शाळा, या क्रमाने गेलात तर आठवड्याभरात फरक दिसतो.

हा लेख पहिली ते पाचवीच्या मुलांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. पूर्वप्राथमिकच्या मुलांना दप्तर नकोच. नर्सरी-केजीच्या लेकराच्या पाठीवर कार्टूनचं दप्तर हौसेने लावलं जात असेल, तर ते आजच काढा.

आधी ही तयारी करा

बाथरूममध्ये ठेवतात तसला वजनकाटा, स्वयंपाकघरातला छोटा काटा (नसेल तर ओळखीच्या किराणा दुकानात दहा मिनिटं मागा), जुना पेपर, एक कागद-पेन आणि मोबाइलचा कॅमेरा. शाळेचं वेळापत्रक समोर ठेवा. व्हॉट्सअॅप ग्रुपवरचं नव्हे, मुलाच्या डायरीतलं. दोन्हींत फरक निघतो, हे बऱ्याच पालकांना तेव्हाच कळतं.

टप्पा १: मुलाचं वजन, आजचं

सकाळी, बूट-चपला काढून वजन घ्या. मागच्या वर्षीचा किंवा आरोग्य तपासणीच्या कार्डावरचा आकडा चालणार नाही. आलेल्या वजनाला दहाने भागा, की दप्तराची मर्यादा मिळते. केंद्राच्या २०२० च्या राष्ट्रीय दप्तर धोरणात पहिली ते दहावीसाठी हेच प्रमाण दिलं आहे. महाराष्ट्राच्या २०१५ च्या शासन निर्णयातही दहा टक्क्यांचीच मर्यादा आहे. धोरणातला पहिली-दुसरीचा तक्ता १.६ ते २.२ किलो आणि तिसरी ते पाचवीचा १.७ ते २.५ किलो सांगतो.

मात्र तक्त्यातला वरचा आकडा उचलू नका. दुसरीतली बारीक चणीची मुलगी १७ किलोची असेल, तर तिची मर्यादा १.७ किलो. शेजारच्या बाकावरच्या २२ किलोच्या मुलाचा आकडा तिला लागू होत नाही.

टप्पा २: दप्तराचं वजन, मुलाला न सांगता

इथे सगळ्यात जास्त चुका होतात. रविवारी निवांतपणे, डबा-बाटली काढलेलं दप्तर काट्यावर ठेवतात आणि “फार काही नाही” म्हणून मोकळे होतात. वजन शाळेच्या दिवशी घ्या, मूल निघायच्या दोन मिनिटं आधी, भरलेली बाटली आणि डबा आत असताना. वेळापत्रकात सगळ्यात जास्त विषय ज्या दिवशी असतील, तो दिवस निवडा. काट्यावर दप्तर नीट बसत नसेल तर आधी तुम्ही एकटे उभे राहा, मग दप्तर हातात घेऊन उभे राहा आणि वजाबाकी करा.

संध्याकाळी दप्तर परत आलं की पुन्हा एकदा वजन करा. बाटली रिकामी असूनही वजन फारसं उतरलं नसेल, तर शाळेतून काहीतरी घरी येतंय. तपासायला दिलेल्या वह्या, चित्रकलेचं सामान, मैत्रिणीचं पुस्तक, काहीही असू शकतं.

*तपासा:* कागदावर तीन आकडे आले का? मुलाचं वजन, सकाळचं दप्तर, संध्याकाळचं दप्तर. एकही कमी असेल तर पुढे जाऊ नका.

टप्पा ३: पेपर पसरा, दप्तर पालथं करा

सगळं बाहेर काढा, पुढचा छोटा कप्पासुद्धा. तळाशी काय निघतं ते बघण्यासारखं असतं: मागच्या सत्राची वही, संपलेले स्केचपेन, मैदानातले दगड, वाळलेली संत्र्याची सालं, सप्टेंबरात गेलेल्या पावसाचा रेनकोट. यावरून मुलाला बोलू नका. बोललात तर पुढच्या वेळी ते दप्तर तुमच्या हाती देणार नाही.

आता एकेक वस्तू काट्यावर ठेवा आणि लिहा. २१ किलोच्या, दुसरीतल्या मुलाच्या दप्तराचा हिशेब साधारण असा निघतो: रिकामं दप्तर ८५० ग्रॅम, भरलेली एक लिटरची थर्मास बाटली १३५० ग्रॅम, दोन मजली स्टीलचा डबा भाजीपोळीसकट ५५० ग्रॅम, गच्च भरलेली कंपासपेटी २५० ग्रॅम, पाच पुस्तकं ९०० ग्रॅम, सहा वह्या १२०० ग्रॅम. एकूण ५ किलो १०० ग्रॅम. मर्यादा २ किलो १०० ग्रॅमची.

हा हिशेब जरा थांबून बघा. पाच किलोंपैकी तीन किलोंचा अभ्यासाशी काही संबंध नाही. ते दप्तर, पाणी, डबा आणि कंपासचं वजन आहे, म्हणजे घरातून ठरणारं. शाळेला जाब विचारायचा हक्क तुम्हाला आहेच, पण आपल्या हातातले तीन किलो आधी उतरवा.

टप्पा ४: “लागलं तर?” ही भीती काढा

माझ्या मते हा टप्पा सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि नेमका तोच गाळला जातो. तुम्ही वेळापत्रक बघून दोन पुस्तकं काढून ठेवता, आणि मूल तुमची पाठ फिरताच ती गुपचूप परत भरतं. त्याला ओझं आवडतं म्हणून नव्हे. एखाद्या दिवशी तास बदलला, पुस्तक नव्हतं, टीचर रागावल्या, सगळ्या वर्गासमोर उभं राहावं लागलं. सात वर्षांच्या मुलासाठी पाठदुखीपेक्षा ते उभं राहणं मोठं असतं. म्हणून ते रोज सगळंच नेतं.

यावर उपदेश करून भागत नाही. असं करा:

रात्री जेवणानंतर दप्तर मुलानेच भरायचं, तुम्ही शेजारी बसायचं. वेळापत्रक त्याने मोठ्याने वाचायचं, पुस्तक त्याने उचलायचं. आठवडाभर तुम्ही भरून दिलंत तर सवय तुम्हाला लागेल, त्याला नाही.

डायरीत वर्गशिक्षकांसाठी दोन ओळी लिहा: “आम्ही रोज वेळापत्रकाप्रमाणेच पुस्तकं पाठवत आहोत. तास बदलल्यास पुस्तक नसेल, तर कृपया त्याला रागावू नये. काही अडचण असल्यास मला कळवावे.” खाली सही करा आणि ते मुलाला वाचून दाखवा. “आई, टीचर रागावल्या तर?” याला “ही चिठ्ठी दाखव” हे उत्तर त्याच्याकडे असलं की पुस्तकं घरी राहतात.

बाकावर जोडीला बसणाऱ्या मुलाच्या घरी फोन करा. एका विषयाचं पुस्तक एकाने, दुसऱ्याचं दुसऱ्याने, असं ठरवता येतं. मात्र हे टीचरना विचारूनच करा.

वह्यांचं सोपं आहे. दोनशे पानी लाँगबुक पाव किलोच्या घरात जाते, शंभर पानी जवळपास निम्म्यात येते. वर्षाला वह्या जास्त लागतील, पण पाठीवर एका वेळी निम्मंच वजन राहील. बालभारतीची पुस्तकं असतील तर ती पीडीएफ स्वरूपात मोफत मिळतात, त्यामुळे घरच्या अभ्यासासाठी पुस्तक रोज ने-आण करायची गरज नाही. ओळखीच्या वरच्या वर्गातल्या मुलाचा जुना संच मिळाला तर त्याहून उत्तम. एक घरी, एक शाळेत.

*इशारा:* गाइड आणि शिकवणीच्या वह्या शाळेच्या दप्तरात अजिबात नकोत. शाळेतून परस्पर शिकवणीला जात असेल तर ते सामान वेगळ्या कापडी पिशवीत ठेवा आणि न्यायला येणाऱ्या मोठ्या माणसाने ती सोबत आणावी.

टप्पा ५: पाणी आणि डबा

वजन कमी करायचं म्हणून पाणी कमी करू नका. मार्च-एप्रिलमध्ये, आणि जूनअखेर शाळा उघडतात त्या दिवसांतही, नागपूरची उष्णता मुलांना सोसत नाही. कमी करायचं ते एका वेळी वाहून न्यायचं पाणी.

शाळेत जा. पाण्याचा कूलर किंवा फिल्टर कुठे आहे, नळ मुलाच्या हाताला पोचतो का, टाकी कधी धुतली जाते, हे विचारा आणि स्वतः एक ग्लास पिऊन बघा. पाणी चांगलं असेल तर अर्ध्या लिटरची साधी बाटली द्या आणि मधल्या सुटीत ती परत भरायला शिकवा. झाकण त्याला स्वतःला उघडता-लावता यायला हवं, नाहीतर ते भरणारच नाही. पाणी चांगलं नसेल तर मोठी बाटलीच द्या, पण थर्मास नको. दुहेरी भिंतीची स्टीलची बाटली रिकामीच साडेतीनशे ते पाचशे ग्रॅमची असते.

डबा एकच, हलका. दोन मजली डब्याचा वरचा मजला बहुतेक वेळा अर्धा रिकामा जातो.

टप्पा ६: आता दप्तर बघा

एवढं करूनही नवं दप्तर लागणार असेल, तर दुकानात मुलाला सोबत न्या. आकार त्याच्या पाठीवर ठरतो, वयावर किंवा इयत्तेवर नाही. रिकामं दप्तर हातात घेऊन बघा, अर्ध्या किलोच्या आसपास हवं. रुंदी मुलाच्या पाठीपेक्षा जास्त नको, वरची कड खांद्यांच्या वर जायला नको. दोन रुंद, गादीचे पट्टे हवेत. अरुंद पट्टा खांद्यात रुततो आणि तिथल्या नसा दाबल्या गेल्या की हाताला मुंग्या येतात. छातीवर बांधायचा पट्टा असेल तर चांगलं.

“मोठं घेऊ, दोन वर्षं चालेल” हा हिशेब कपड्यांना ठीक, दप्तराला नाही. मोठं दप्तर भरलं जातं आणि लोंबतंही.

*इशारा:* चाकांचं दप्तर घेऊ नका. ते रिकामंच जड असतं. एका हाताने ओढताना पाठ पिळली जाते आणि जिना आला की तेच ओझं एका हाताने उचलावं लागतं. जिन्यावर इजा होऊ शकते म्हणून राष्ट्रीय धोरणातही चाकांच्या दप्तराला मनाई सुचवली आहे.

टप्पा ७: भरायचं कसं, घालायचं कसं

सगळ्यात जड पुस्तक पाठीला चिकटून उभं. मग वह्या, मग कंपास, बाहेर हलकं सामान. जड वस्तू पाठीपासून जितकी लांब, तितकी ती मुलाला मागे ओढते. बाटली एका बाजूच्या जाळीत असेल तर दुसऱ्या बाजूला डबा ठेवून तोल राखा.

दप्तर जमिनीवरून हिसक्याने उचलून खांद्यावर फेकायचं नाही. पलंगावर किंवा खुर्चीवर ठेवायचं, पाठ करून उभं राहायचं, एक हात घालायचा, मग दुसरा. शाळेत ते बाकावर ठेवून असंच करता येतं. जमिनीवरूनच उचलायचं झालं तर गुडघे वाकवून, दोन्ही हातांनी.

मग पट्टे. दप्तर घातलेल्या मुलाच्या मागे उभे राहा. तळ कमरेच्या खोलगट भागात टेकला पाहिजे, ढुंगणावर आपटायला नको. पट्टे सारखे आवळा. पट्टा आणि खांदा यांच्यामध्ये तुमची दोन बोटं जेमतेम जावीत. मुलांमध्ये पट्टे सैल सोडून दप्तर खाली लोंबवायची पद्धत आहे, आणि एका खांद्यावर अडकवायची त्याहून जास्त. एका पट्ट्यावर वजन आलं की तो खांदा वर उचलला जातो आणि कणा दुसऱ्या बाजूला कलतो. दुसऱ्या दिवशी पट्टे पुन्हा बघा, सैल केलेले सापडतील. आठवडाभर रोज बघा.

दुचाकीवर मागे बसलेल्या मुलाच्या पाठीवर दप्तर ठेवू नका. खड्ड्यात गाडी आपटली की ते मागे ओढतं. पुढच्या हुकला अडकवा किंवा पाय ठेवायच्या जागेवर ठेवा. आटो-व्हॅनमध्ये काकांना सांगा की दप्तर पाठीवरून काढूनच बसवा.

*तपासा:* घर ते गाडी, गाडी ते वर्ग, जिने धरून दप्तर एकूण किती मिनिटं पाठीवर असतं? वर्ग तिसऱ्या मजल्यावर असेल तर टप्पा ४ आणि ५ मध्ये आणखी कडक व्हा.

टप्पा ८: मुलाकडे बघा

मुलाला दाराच्या चौकटीशेजारी बाजूने उभं करा. चौकटीची उभी कड तुमची सरळ रेषा. कानाचं भोक, खांदा, कंबर आणि घोटा साधारण एका रेषेत असावेत. “नीट उभा राहा” म्हणू नका, म्हटलं की ते ताठ होतं आणि तपासणी वाया जाते. एक फोटो दप्तराशिवाय, एक दप्तर घालून, एक दप्तरासकट घराभोवती पाच मिनिटं चालून आल्यावर.

जड दप्तर असेल तर फोटोत हे दिसतं: पाठीवरच्या वजनाने तोल मागे जातो, तो सावरायला मूल कमरेतून पुढे झुकतं. झुकलं की नजर खाली जाते, म्हणून समोर बघायला हनुवटी पुढे काढतं आणि मान मागे मोडतं. मानेचे, खांद्याचे आणि पाठीचे स्नायू तेवढा वेळ ताणलेले राहतात, त्यातूनच संध्याकाळची कुरकुर सुरू होते. उभ्याने काढलेल्या एमआरआयमध्ये, ओझं वाढेल तशा कमरेच्या मणक्यांमधल्या चकत्या दबतानाही दिसल्या आहेत. शर्ट काढून खांदे बघा. दप्तर उतरवून काही वेळ झाल्यावरही पट्ट्याचे लाल वळ राहत असतील तर वजन जास्त आहे.

आता एक वेगळी तपासणी, दप्तराशिवाय. मुलाला उघड्या पाठीने, पाय जुळवून, गुडघे सरळ ठेवून, दोन्ही तळवे जोडून हळूहळू पुढे वाकायला सांगा. तुम्ही मागे बसा, डोळे त्याच्या पाठीच्या उंचीवर आणा. बरगड्यांची एक बाजू दुसरीपेक्षा उंच दिसते का? उभं असताना एक खांदा किंवा कंबरेची एक बाजू वर आहे का?

*इशारा:* असा उंचवटा दिसला तर दोष दप्तराला देऊन थांबू नका. दप्तरामुळे कणा कायमचा वाकडा होतो, म्हणजे स्कोलिओसिस होतो, असं सिद्ध झालेलं नाही. तो बहुतेकदा दहा वर्षांनंतर, झपाट्याने उंची वाढते त्या काळात दिसू लागतो आणि मुलींमध्ये तो वाढत जाण्याची शक्यता जास्त असते. “दप्तर हलकं केलंय, होईल सरळ” म्हणत सहा महिने घालवले तर नेमका तोच काळ हातचा जातो. लगेच अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा.

आणि पाठदुखीचं सगळं खापरही दप्तरावर फोडू नका. तासन् तास मोबाइलवर मान घालून बसणारं, मैदानावर न जाणारं मूल दोन किलोच्या दप्तरानेही थकतं. संध्याकाळी तासभर धावणं, लटकणं, दोरीउड्या हा पाठीचा सगळ्यात चांगला व्यायाम आहे.

टप्पा ९: उरलेलं वजन घेऊन शाळेत जा

आधीच्या उदाहरणातलं दप्तर आता साधारण असं असेल: दप्तर ५००, बाटली ६५०, डबा ३५०, कंपासऐवजी छोटा पाऊच १००, तीन पुस्तकं ५४०, शंभर पानी तीन वह्या ४२०. एकूण अडीच किलोंच्या थोडं वर. पाच किलोंचं निम्मं झालं, तरी मर्यादेपेक्षा साधारण अर्धा किलो जास्तच आहे. हा अर्धा किलो शाळेचा.

पालक सभेत हात वर करून “दप्तर फार जड आहे” म्हणू नका. त्यावर “वेळापत्रकाप्रमाणे भरा” एवढंच उत्तर येतं. तुमचा वस्तुवार कागद घेऊन, आणखी तीन-चार पालकांचे तसेच कागद जोडून मुख्याध्यापकांना भेटा. मागण्या नेमक्या ठेवा: जोड तास देऊन दिवसाचे विषय कमी करावेत, वर्गात कपाट किंवा फळी असावी, कार्यपुस्तिका शाळेतच राहाव्यात. शाळेत वजनकाटा ठेवून दप्तरांचं वजन नियमित बघावं, असं राष्ट्रीय धोरणच सांगतं. दुसरीपर्यंत गृहपाठ नको, हेही त्यातच आहे. तोंडी बोलणं झाल्यावर तेच लेखी द्या आणि पोच घ्या.

वजन पुन्हा करायच्या वेळा आत्ताच कॅलेंडरवर लिहा: शाळा उघडल्यावर दुसरा आठवडा, दिवाळीनंतरचा पहिला आठवडा, आणि फेब्रुवारी, कारण तेव्हा उजळणीच्या नावाखाली दप्तर पुन्हा फुगतं.

टप्पा १०: डॉक्टरांकडे कधी

दप्तर हलकं करून दोन-तीन आठवडे झाले तरी दुखणं तसंच असेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. पुढचं काही असेल तर एक दिवसही थांबू नका: रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, ताप, वजन घटणं, पायांत अशक्तपणा किंवा चाल बदलणं, लघवी-शौचावरचा ताबा जाणं, मणक्यावर एकाच जागी हात लावू न देणं, पाच वर्षांखालच्या मुलाची पाठदुखी. आपल्याकडे मणक्याचा क्षयरोग मुलांमध्येही होतो आणि त्याची सुरुवात अशाच किरकोळ वाटणाऱ्या तक्रारीने होऊ शकते. अशा वेळी मालीश, पट्टा, शेक यात दिवस घालवू नका. खासगी दवाखाना परवडत नसेल तर मेडिकल, मेयो आणि मिहानमधलं एम्स या नागपूरच्या तिन्ही सरकारी रुग्णालयांत अस्थिरोग विभाग आहे.

जाताना वजनांचा कागद आणि बाजूने काढलेले तिन्ही फोटो न्या. दुखणं कधी सुरू झालं, दिवसा जास्त की रात्री, सुटीत कमी होतं का, हे आदल्या रात्री लिहून ठेवा. दप्तर शाळेत जातं तसंच, भरलेलं, सोबत न्या.